डिलक्स अपेंडिक्स

आजार गरीब-श्रीमंत भेद मानत नाही, असं म्हणतात. इस्पितळाच्या बिलिंग खात्याला हे मुळीच मान्य नाही. जनरल वॉर्डातल्या पेशंटचं अपेंडिक्स स्वस्तात निघतं, डिलक्स खोलीतल्याचं महाग पडतं. सर्जन तोच, टेबल तेच, टाकेही तेवढेच. पण खोलीत सोफा असला की आतड्यालाही बढती मिळत असावी.

त्या सोफ्याची खरी किंमत डिस्चार्जच्या दिवशी कळते. समजा, पॉलिसी ५ लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ५ हजार. तुम्ही घेतली १० हजारांची खोली. वरचे ५ हजार आपण भरू, हा तुमचा भाबडा हिशेब. विमा कंपनी म्हणते, ऐपतीच्या दुप्पट खोली घेतलीत ना? मग सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, सगळ्यांचेच आम्ही निम्मे देणार. या शिक्षेचं नाव 'प्रपोर्शनेट डिडक्शन'. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना विमा नियामकाने त्यातून वाचवलंय. नाहीतर कंपनीने क्रोसिनच्याही अर्ध्याच गोळीचे पैसे दिले असते. शिवाय ५ हजारांवरच्या खोलीला ५ टक्के जीएसटी. तो सोफ्यावर बसून भरावा.

मग येते याच नियामकाची, म्हणजे 'आयआरडीएआय'ची ६८ वस्तूंची यादी. साध्या पॉलिसीत या वस्तूंचे पैसे सहसा मिळत नाहीत. तीत टीव्ही आहे, ब्यूटी सर्व्हिस आहे. ठीक, पोट फाडताना फेशियल नको. पण तीतच हातमोजे आहेत, ईसीजीचे इलेक्ट्रोड आहेत, ऑक्सिजन मास्कही आहे. म्हणजे ऑक्सिजन विम्यात, तो नाकापर्यंत नेणं पेशंटच्या हौसेत! शवागाराचं भाडंही याच यादीत. मेल्यावरचा मुक्काम ज्याचा त्याने बघावा.

विमा कंपनीने डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्यायची, असा २०२४ पासून नियम आहे. हे ३ तास कुठल्या घड्याळात मोजायचे, ते नातेवाइकांनी विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएच्या खिडकीवर विचारावं.

इस्पितळाने दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, असा महाराष्ट्राचा नियमही २०२१ पासून आहे. पण काउंटरवर जाऊन नुसतं विचारून बघा, "ताई, या ऑपरेशनला किती येतील?"

ताई मान वर न करता विचारतील, "इन्शुरन्स आहे?"


"त्याने काय फरक पडतो?"

"तेच तर. आधी सांगा, मग दर सांगते."