डबीत कागद का नाही?

रिमोटने उडवायच्या विमानाचा रिसीव्हर हल्ली काड्यापेटीएवढ्या डबीत येतो. डबीत रिसीव्हर असतो, अँटेना असते, चार वायरी असतात आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक क्यूआर कोड असतो. मॅन्युअल नसते. ते ऑनलाइन असते. स्पीड कंट्रोलरचे तसेच, जीपीएसचे तसेच, फ्लाइट कंट्रोलरचेही तसेच. मला ही गोष्ट खटकते आणि दरवर्षी जास्तच खटकत चालली आहे.

आपल्याकडे हा त्रास अधिक होतो, त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर मात्र आली नाही. म्हणून हौशी माणूस एकेक भाग मागवतो आणि घरी जोडतो. तयार यंत्राला एकच मॅन्युअल पुरते. आपल्या यंत्रात प्रत्येक भागाचा कारखाना वेगळा, क्यूआर कोड वेगळा, आणि एका कारखान्याला दुसऱ्याचा पत्ता नाही. त्यातला एखादा कोड नीट उघडतो, एखादा कंपनीच्या पहिल्या पानावर नेऊन सोडतो, एखादा भलत्याच मॉडेलची फाइल दाखवतो.

बरे, विमान उडवायचे कुठे? वस्ती, विजेच्या तारा, विमानतळ या सगळ्यांपासून लांब. म्हणजे नेमके जिथे मोबाइलला रेंज नसते तिथे. वर दुपारचे ऊन, त्यात फोनच्या काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो. बोटांना सुपरग्लू लागलेला असतो, त्यामुळे फोन बोटाचा ठसाही ओळखत नाही. मॅन्युअलची सर्वांत जास्त गरज असते ती याच जागी, आणि ते न मिळण्याची पुरेपूर सोय कंपन्यांनी करून ठेवली आहे.

यातला सर्वांत संतापजनक प्रकार वाय-फायचा. हल्लीचे कित्येक रिसीव्हर सुरू केल्यावर मिनिटभरात ट्रान्समीटर सापडला नाही, तर स्वतःचे वाय-फाय चालू करतात. मग आपण फोन त्या वाय-फायला जोडायचा, ब्राउझरमध्ये १०.०.०.१ हा पत्ता टाकायचा आणि समोर येणाऱ्या पानावर सेटिंग बदलायचे. कल्पना उत्तम आहे, वेगळी केबल लागत नाही. पण त्या वाय-फायवर इंटरनेट नसते. पुष्कळ फोनमध्ये तर मोबाइल डेटा बंद केल्याशिवाय ते पानच उघडत नाही. आणि पुढची पायरी कुठे लिहिली आहे? इंटरनेटवर. म्हणजे सूचना वाचायची असेल तर रिसीव्हर सोडायचा आणि रिसीव्हर धरायचा असेल तर सूचना सोडायची. ज्यांनी हे बनवले त्यांच्या टेबलावर दुसरा संगणक असणार. माळरानावर तो नसतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

दुसरा मुद्दा स्पीड कंट्रोलरच्या बीपचा. या वस्तूला पडदा नसतो, ती मोटरच्या तारांतून आवाज काढून बोलते. बॅटरीत सेल किती, थ्रॉटलची काठी खाली आहे की वर, ब्रेक चालू की बंद, सगळे बीपमधूनच कळते. प्रत्येक कंपनीची बीपची भाषा निराळी. शिवाय काठी हलवून सेटिंग करताना बीपचे गट एकामागून एक येत जातात, आणि हवा तो गट वाजला की दोन-तीन सेकंदांत काठी खाली आणायची असते. कागदावर तक्ता असला तर ओळीवर बोट ठेवून ऐकता येते. फोनवर तो तक्ता दोन पानांत तुटलेला असतो, मोठा करावा तर उजवा रकाना पडद्याबाहेर जातो, आणि तेवढ्यात बीप पुढे गेलेली असते. ‘कॅलिब्रेशनच्या आधी प्रॉपेलर काढा’ ही सूचना तर मी म्हणेन लाल अक्षरात छापून डबीच्या तोंडाशीच हवी. ती फाइलच्या आत, इतर वीस इशाऱ्यांच्या गर्दीत असते. फिरता प्रॉपेलर बोटे कापतो.

यावर लोक सुचवतात की प्रिंट काढून घ्या. काढतो. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत पानाचे पैसे वेगळे पडतात, म्हणून सगळे काळ्या-पांढऱ्यात निघते. सर्वोच्या तीन वायरी एका पद्धतीत पांढरी-लाल-काळी असतात, दुसऱ्या पद्धतीत नारिंगी-लाल-तपकिरी. प्रिंटमध्ये त्या तीन राखाडी रेघा होतात. ज्या चित्रासाठी प्रिंट काढली तेच चित्र निरुपयोगी. उलटी जोडणी झाली की बोर्ड जळू शकतो आणि त्याची वॉरंटी कुणी देत नाही.

हे काम कसे करायचे ते एका कंपनीने दाखवून दिलेले आहे. अमेरिकेतली हीथकिट. तिची सुरुवातच विमानांपासून झाली: एडवर्ड हीथ १९२० च्या दशकात घरी जोडायचे छोटे विमान किटमध्ये विकत असे. १९३१ मध्ये तो विमानाची चाचणी घेताना गेला. पुढे कंपनी दुसऱ्या हातात आली आणि १९४७ मध्ये तिने महायुद्धातल्या उरलेल्या सामानातून ऑसिलोस्कोपचे किट काढले. नंतर तिने मॉडेल विमानांचे ट्रान्समीटर आणि रिसीव्हरही किटमध्ये विकले. तिच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक पायरीपुढे रिकामा कंस छापलेला असे. रोधक जोडला, खूण केली, पुढची ओळ. जेवायला उठले तरी परत आल्यावर आपण कुठे होतो ते कागद सांगे. कधीही सोल्डरिंग आयर्न हातात न धरलेली माणसे त्या पुस्तकांच्या जोरावर रेडिओ आणि टीव्ही जोडत. तिथे मॅन्युअल हा मालाचाच भाग होता.

फाइलचे फायदे मला मान्य आहेत. शब्द शोधता येतो, चूक दुरुस्त करता येते. ट्रान्समीटरमधले सॉफ्टवेअर तर इतके बदलते की छापील पुस्तक लवकर जुने होते. २०२१ मध्ये ओपनटीएक्समधून एजटीएक्स निघाले आणि पुढे त्याच्या मेनूची रचना बदलत गेली. मेनू खुशाल ऑनलाइन ठेवा. पण वायरीचा क्रम बदलत नाही. दिव्याची उघडझाप, बीपचा तक्ता, रिसीव्हर ट्रान्समीटरशी जोडण्याची, म्हणजे बाइंड करण्याची रीत, किती व्होल्ट चालतात, सिग्नल तुटल्यावर मोटर बंद व्हावी म्हणून फेलसेफ कसा लावायचा, हे त्या वस्तूपुरते तरी फारसे बदलत नाही. हे सगळे पोस्टकार्डाच्या दोन बाजूंवर मावते. काही हजारांच्या वस्तूत एक पोस्टकार्ड परवडत नाही, हे मला पटत नाही. परवडत नसेल तर दहा रुपये जास्त घ्या, मी देतो.

आणि ते कार्ड मराठीतही हवे. एनसीसीच्या एअर विंगमध्ये आपली मुले मॉडेल विमाने बनवतात, उडवतात. त्यातली कितीतरी मराठी शाळांतून आलेली असतात. त्यांना सर्वो, थ्रॉटल, फेलसेफ हे शब्द तोंडपाठ असतात. अडते ते इंग्रजी वाक्यापाशी, आणि कारखान्यात घाईने भाषांतर केलेले ते इंग्रजी मलाही दोनदा वाचावे लागते. किट विकणारे दुकानदार पुण्यात आहेत, मुंबईत आहेत. कंपनी छापत नसेल तर त्यांनी छापावे: वायरींचे चित्र रंगीत, बीपचा तक्ता एकाच बाजूला, अक्षर उन्हात वाचता येईल एवढे मोठे, आणि सर्वांत वर प्रॉपेलर काढण्याची सूचना.