रेंडरशेठ

पेण ते रोहा या पट्ट्यात साखरपुडा, हळद, पूजा, क्रिकेटच्या मॅचेस, जे असेल ते शूट करून देणारा माणूस गावोगाव सापडतो. पाटी 'फोटो अँड व्हिडिओ'ची असते, पण खरा कारखाना घरातल्या आतल्या खोलीत चालतो. यातल्या एका वाणाला मी मनातल्या मनात रेंडरशेठ म्हणतो.

रेंडरशेठचा कॅमेरा नवाकोरा आणि कॉम्प्युटर मात्र जुनापुराणा. कॅमेरा मांडवात चारचौघांना दिसतो, कॅबिनेट कोण बघायला येतंय! मशीन लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेली: कोअर टू ड्युओ, 4 जीबी रॅम, आणि विंडोज 32 बिटांचं असल्यामुळे तीही पुरती वापरात न येणारी. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायमचं उघडं आणि त्याच्या पोटात तोंड घालून टेबलफॅन फिरत असतो. घरची माणसं वर्तमानपत्राने वारा घेतात. मशीनबद्दल शंका काढलीत तर शेठ दुखावतात. "हिने अख्ख्या तालुक्याची लग्नं लावलीत," म्हणतात.

लावली, खोटं नाही. पण ती कॅसेटची. तेव्हा एक चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं असायचं. एचडी झालं 1920 बाय 1080, म्हणजे बरोबर पाचपट ठिपके, तेही सेकंदाला 25 वेळा. शेठना हे पटत नाही, कारण त्यांनी वजन करून पाहिलंय. कॅसेटचं तासाभराचं शूटिंग हार्ड डिस्कवर 13 जीबी घ्यायचं, कार्डावरचं 11च्या आत बसतं. "माल हलका झाला, मग हिला जड कसा होईल?"

इथेच गोम आहे. सोनी आणि पॅनासॉनिकने 2006 साली एव्हीसीएचडी आणलं, त्यात प्रत्येक चित्र अख्खं ठेवतच नाहीत. अधूनमधून एक अख्खं, बाकीच्यांत आजूबाजूच्या चित्रांपेक्षा काय बदललं तेवढीच नोंद. हा किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखा प्रकार आहे. मागची बाकी चाळल्याशिवाय आजचा आकडा लागत नाही. कार्डावर जागा वाचते, आणि ती सगळी चाळाचाळ प्रोसेसरच्या गळ्यात पडते.

घराला मात्र हे शास्त्र न शिकताच कळलेलं असतं. रेंडर लागला, म्हणजे कापून जोडलेल्या तुकड्यांची सलग फिल्म मशीन काढायला लागली, की मिक्सर बंद, कारण दाब खाली गेला आणि मशीन रीस्टार्ट झाली तर 97 टक्क्यांवरून पुन्हा शून्य. शेठच्या सौ. सांगतात, "ह्यांचं एचडी आलं आणि माझा पाटावरवंटा बाहेर निघाला." पाहुणे कालवणाची तारीफ करतात ती त्यामुळेच. लाईट गेली तर यूपीएस काही मिनिटं किंचाळतो. तेवढ्यात शेठ सेव्ह करून हात जोडतात.

एकदा पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चालू होती. शेठनी अगदी जवळून शूट केलं. घरी मशीनवर लावून पाहिलं तर कुंचला एका डोळ्यावर टेकला आणि थिजला; पुन्हा हलला तेव्हा दुसरा डोळा होऊन गेलेला. कारागीर संतापला, "शेठ, मधली मेहनत कुठे गेली?"

मग रोह्याची ऑर्डर आली. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात आणि गाव रात्र जागवतं. पालखी नगर फिरून देवळात परत आली तरी शेठच्या पडद्यावर पोलिसांच्या बंदुका अर्ध्यावरच. पुतण्या म्हणाला, "काका, छोट्या कॉप्या काढू. 640 बाय 360, ठिपके नवव्या हिश्श्यावर येतात. प्रत्येक चित्र अख्खं राहील अशा फॉरमॅटात. त्यांच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी ओरिजिनल फाइली जोडून रेंडर मारायचा. आपल्या मशीनलाही झेपेल."

"गिऱ्हाईकाने पैसे एचडीचे दिलेत, आणि मी नकलेवर काम करू? देवाच्या पालखीत डुप्लिकेट?" शेठ चिडून जेवायला गेले आणि जेवून झोपले.

पुतण्याने मशीन कॉप्या काढायला लावून दिली. पहाटेपर्यंत तिने त्या काढल्या. नावं तीच ठेवून त्याने नव्या फोल्डरातल्या फाइली टाइमलाइनला जोडल्या. सकाळी शेठनी चहा घेत प्ले दाबलं आणि पालखी सरळ चालायला लागली. बंदुका उचलल्या गेल्या, खाली आल्या, एकही अडकली नाही. दोन दिवसांत कापाकापी उरकली. शेवटचा रेंडर पुतण्याने मूळ फाइलींवर लावला. त्याला सतरा तास लागले. ते मात्र शेठना रास्त वाटले. देवाचं काम होतं.

पुतण्या खरं सांगायला तोंड उघडतोय तोच शेठ त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंस? त्या रात्री पंखा जरा तिरका केला होता मी. मशीनला वारा लागला पाहिजे, बाकी काय नाय."

आता तिथे दोन पंखे आहेत. दुसरा स्वयंपाकघरातला.