पाय मार!

केनियातल्या किसुमू गावाला व्हिक्टोरिया सरोवर अगदी खेटून आहे. क्षेत्रफळ सुमारे 68,800 चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात अठरा गोवे आरामात बुडतील. एवढं पाणी उशाशी असलेल्या मुलांना पोहायला न्यायचं म्हणजे फक्त काठावर जायचा अवकाश, असं आम्ही धरून चाललो होतो. संस्थेच्या मॅडमनी फोनवरच ते मोडीत काढलं. काठच्या उथळ पाण्यात गोगलगायी असतात, त्यांच्यातून बाहेर पडणारे परजीवी माणसाच्या कातडीतून थेट आत शिरतात आणि बिल्हार्झिया होतो. त्यातून वाचलात तर हिप्पो आहेत. शिवाय वारा फिरला की जलपर्णी अशी दाटून येते की मासेमारीच्या होड्याही अडकून पडतात. जलपर्णीचं नाव ऐकून मला एकदम पुण्यात असल्यासारखं वाटलं. बाकीचं ऐकून मात्र आम्ही मुकाट्यानं हॉटेलातला तलाव ठरवला.

मुलं चार. त्यातली एक ‘आमची’. म्हणजे दरमहा आमच्या खात्यातून संस्थेकडे ठरलेली रक्कम जाते, तिच्या शाळेचं भागतं आणि अधूनमधून तिचं पत्र येतं. दुसरा तिचा धाकटा भाऊ. तो कोणाच्याच यादीत नव्हता, पण पोहायला जायचंय म्हटल्यावर यादी बघत कोण बसतो? उरलेली दोघं ठाण्याच्या मित्राची. परदेशी निघालेल्या माणसाबरोबर लोक चिवडा धाडतात. यानं संस्थेची रीतसर परवानगी काढून “जाताच आहात तर आमच्याही पोरांना भेटून या” म्हणून निरोप धाडला.

भेटीचे नियम कडक होते, आणि ते तसेच असायला हवेत. आधी पोलिसांचा दाखला, भेटीत सतत संस्थेचं माणूस बरोबर, घरचा पत्ता द्यायचा नाही, भेटवस्तू मॅडमच्या हातात द्यायच्या. दाखल्यासाठी पुण्यात पोलीस चौकीत गेलो तेव्हा हवालदारसाहेबांनी कारण विचारलं. सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “का हो, इथं पोरं कमी पडली का?” प्रश्न रास्त होता. मी काहीतरी पुटपुटलो. खरं उत्तर असं, की बायकोनं कुठल्याशा प्रदर्शनात एका मुलीचा फोटो पाहिला आणि परत येताना रिक्षातच ठरवून टाकलं. जगातली बरीच सत्कार्यं नकाशा न बघताच होतात.

हॉटेलात शिरताच वेटरनं अदबीनं विचारलं, “आपलं दुकान कोणत्या रस्त्याला?” तिथं हिंदी माणूस म्हणजे दुकानदार, हे गृहीतच. 1901 साली मोंबासाहून निघालेले रेल्वेचे रूळ इथं सरोवराला येऊन टेकले. ते टाकायला तीसेक हजार मजूर आपल्याकडून नेलेले, बहुतेक पंजाबातले. पाठोपाठ गुजराती व्यापारी आले आणि त्यांनी दुकानं थाटली. मी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस आहे, हे त्या वेटरला शेवटपर्यंत पटलं नाही.

तलावावर पाटी होती: पोहण्याच्या पोशाखाशिवाय प्रवेश नाही. पोशाख काउंटरवर भाड्यानं मिळत होते. मुलांना बेताचे मिळाले. माझ्या मापाच्या एकुलत्या एका चड्डीवर पोपट होते. दुसरी पाटी अशी की इथं जीवरक्षक नाही, ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर उतरावं. मला पोहता येत नाही. चार मुलांपैकी कोणालाच येत नव्हतं. आमच्या सगळ्यांची जबाबदारी अर्थातच बायकोवर आली, कारण ती पुण्याच्या टिळक तलावावर पोहायला शिकलेली.

पण लगेच कोणी पाण्यात उतरलं नाही. मुलं खुर्च्यांवर ताठ बसली होती. समोर आल्याच्या सोड्याच्या बाटल्या. आमची मुलगी एक घोट घ्यायची आणि “थँक यू, अंकल” म्हणायची. पुन्हा घोट, पुन्हा थँक यू. ती पढवून आणल्यासारखी बसली होती. मीही तसाच, मोठेपणा पढवून आणल्यासारखा.

मला माझे आजोबा आठवले. ते पुण्यात वारानं जेवून शिकले. म्हातारपणी गावांची नावं विसरले, पण कोणत्या वारी कोणतं घर होतं ते पक्कं लक्षात होतं. मंगळवारच्या घरचे यजमान सज्जन होते, साजूक तूप वाढायचे, पण आलेल्या-गेलेल्याला सांगायचे, “हा आमच्याकडे जेवतो हो, हुशार आहे.” त्या घरचं तूप आजोबांना आयुष्यभर पचलं नाही. गुरुवारच्या आजी ताट वाढायच्या आणि चुलीकडे तोंड करून बसायच्या. चुलीवर बरेचदा काहीच नसायचं. आजोबा म्हणायचे, पोटभर जेवलो ते गुरुवारी.

तेव्हा आपणही पाठ फिरवावी असं मला फार वाटत होतं. पण जीवरक्षक नसलेल्या तलावावर चार मुलांकडे पाठ फिरवून कसं चालेल? पुण्य करायला गेलो तरी नजर हटवायची सोय नाही. मग मी कमरेइतक्या पाण्यात, पोपटांसकट, खांबासारखा उभा राहिलो आणि मुलांना सांगितलं, माझ्या पलीकडे जायचं नाही.

बायकोनं चौघांना कठडा धरायला लावला. सुरुवातीच्या सूचना इंग्रजीत झाल्या. धाकट्याचं नाक पाण्याखाली गेलं आणि तिचं इंग्रजीही बुडालं. “अरे पाय मार! पाय मार!” मुलांना वाटलं, हा पोहण्यातला खास शब्द असणार. चौघंही ओरडू लागली, “पाय मार!” पाणी हॉटेलच्या खुर्च्यांपर्यंत उडालं. पलीकडे डुंबणारी तीन-चार अनोळखी पोरं येऊन कठड्याला लटकली आणि तीही सुरात ओरडू लागली. काठावर बसलेल्या मॅडमनी बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि हळूच एक-दोनदा मारूनही पाहिले.

त्यानंतर तासभर मला कोणी थँक यू म्हणालं नाही. मी कोण, कुठून आलो, दरमहा काय पाठवतो, याचा पूर्ण विसर पडला होता. धाकटा तर माझ्या खांद्यावर चढून उड्या मारू लागला. खोटं कशाला बोला, मनात किंचित चुटपुट लागली. मंगळवारचे यजमान प्रत्येकाच्या पोटात थोडेफार असतातच.

बाहेर येऊन चिप्स आणि कोंबडी मागवली. बशी समोर आल्यावर आमच्या मुलीनं पहिल्यांदाच स्वतःहून प्रश्न विचारला. “तुमच्या गावाला नदी आहे?”

“आहे की. मुठा.”

“मग तुम्हाला पोहता का येत नाही? तिच्यात हिप्पो आहेत?”

“हिप्पो नाहीत,” मी म्हटलं. “पुणेकर आहेत.”

तिनं मान डोलावली. हा एखादा घातक प्राणी असणार, असं तिला वाटलं असावं. मी खुलासा केला नाही. नदीचं पाणी पाहता तिचा समज फारसा चुकीचाही नव्हता.

निघताना मॅडमनी तिला खुणावलं. ती उभी राहिली, हात मागे बांधले आणि पाठ केलेलं आभाराचं भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्यावर अडखळली. छताकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. तो सॉसची बाटली उलटी करण्यात गढलेला. मग तिनं ते भाषण सोडलं आणि सरळ बायकोकडे वळून म्हणाली, “आंटी, पुढच्या वेळी येताना अंकलना पाय मार शिकवून आणा.”

मॅडम ओशाळल्या. बायकोनं मात्र मला न विचारता तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला.