घड्याळेच्छुक

लग्नाच्या हॉलमध्ये माणसं जोखायची प्रत्येकाची पद्धत वेगळी. कुणी साडीचा पदर बघतं, कुणी पार्किंगमधली गाडी. घड्याळेच्छुक समोरच्याच्या मनगटाकडे बघतात आणि मग, सवड मिळाली तर, चेहऱ्याकडे. "त्या काकांच्या हातात रोलेक्सचं डेटजस्ट आहे, छत्तीस मिलिमीटर," असं ते बायकोच्या कानाशी लागून सांगतात. काका मुलीकडचे की मुलाकडचे, हे त्यांना पंगत उठली तरी ठाऊक नसतं.

वय पन्नाशीच्या पुढे. फ्लॅटचं कर्ज फिटलेलं, मुलीचं शिक्षण उरकलेलं, बीपीची गोळी अजून एकच. आयुष्यात एकदा एक 'चांगलं' घड्याळ घ्यायचं, हे ठरलेलं आहे. ठरून सहा वर्षं झाली. नवं घ्यायचं की वापरलेलं, एवढंच काय ते राहिलंय. पण जे विवाहेच्छुक कांदेपोह्यांत रमतात आणि मुहूर्ताचं नाव काढलं की ज्यांना कामं आठवतात, त्यांतलेच हे.

वापरलेलं म्हणायचं नाही. 'प्री-ओन्ड' म्हणायचं. सेकंडहँड म्हटलं तर ते दुखावतात. "सेकंड हँड तर प्रत्येकच घड्याळात असतो, आणि तोच सगळ्यात जास्त पळतो," असं बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. त्यावर दोन दिवस अबोला होता.

अभ्यास मात्र दांडगा. ओमेगाचं स्पीडमास्टर 1957 साली आलं, 1965 साली नासाच्या परीक्षेत पास झालं आणि 1969 साली आल्ड्रिनच्या मनगटावर चंद्रावर फिरून आलं. आर्मस्ट्राँगनं स्वतःचं यानातच ठेवलं होतं, कारण यानातलं घड्याळ बंद पडलं होतं. हे सगळं ते बँकेच्या रांगेत अनोळखी माणसालाही सांगू शकतात. रोलेक्स दिवसाला फार तर दोन सेकंद पुढेमागे होईल, असं कंपनी सांगते, हे त्यांना पाठ आहे. ह्याचा अर्थ हजार रुपयांचं साधं क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्याभरात जेवढं चुकतं, तेवढं दहा लाखांचं घड्याळ आठवड्यात चुकू शकतं, हेही त्यांना माहीत आहे. ते त्यांना मुळीच खटकत नाही. "वेळ बघायला कोण घेतंय?" असं ते विचारतात, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर घरात कुणाकडेच नाही.

खरी अडचण बाजाराची आहे, आणि ती समजून घ्यायची तर पुण्याच्या माणसाला जिनिव्हापर्यंत जायचं कारण नाही. आकुर्डीला बजाजच्या कारखान्यापर्यंत गेलं तरी पुरतं. त्यांच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात बजाजची स्कूटर बुक केली होती. नंबर लागायला वर्षानुवर्षं लागत. कंपनीच्या दरात नवी हवी तर रांगेत थांबा. आजच्या आज हवी तर कुणाची तरी वापरलेली घ्या, पण 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, देऊन. चार वर्षं रस्त्यावर पळालेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग, हा चमत्कार त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिला. परदेशातून डॉलर पाठवणारा एखादा भाचा असला की गाडी लवकर मिळे. म्हणून त्या काळात भाच्यांना फार मान होता.

रोलेक्सच्या स्टीलच्या घड्याळांचं नेमकं तेच आहे. सबमरीनर किंवा डेटोना शोरूममध्ये काचेआड दिसतं, पण शेजारी 'फक्त प्रदर्शनासाठी' अशी पाटी. नाव नोंदवून घेतात, हसून कॉफी देतात, आणि मग फोन येत नाही. तेच घड्याळ वापरलेलं हवं तर आज मिळतं, बहुतेक वेळा छापील किमतीच्या वर. म्हणजे नवं स्वस्त, पण मिळत नाही. जुनं मिळतं, पण महाग. उलट ओमेगा, ब्राइटलिंग, टॅग ह्यूअर घ्यायला जावं, तर नवं हवं तेव्हा मिळतं आणि दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवताच त्याची किंमत उतरते. तिथे शहाण्या माणसानं वापरलेलंच घ्यावं. घड्याळेच्छुकांना हे पटतं. पण जे सहज मिळतं ते घेण्यात त्यांना राम वाटत नाही.

2022 च्या सुरुवातीला ह्या वापरलेल्या घड्याळांचे भाव शिगेला पोचले आणि मग धाडकन उतरले. त्या वर्षी त्यांनी घड्याळ घेतलं नव्हतं. न घेतलेल्या घड्याळावर आपण तेव्हा चार लाख रुपये वाचवले, असा त्यांचा हिशेब आहे. ते चार लाख दाखवा, असं बायको अधूनमधून म्हणते.

एकदा मात्र गोष्ट अगदी जवळ आली. मुंबईत एका वापरलेल्या घड्याळांच्या व्यापाऱ्याकडे सबमरीनर आलं होतं. घड्याळेच्छुक सकाळच्या डेक्कन क्वीननं गेले, खिशात स्वतःचं भिंग घेऊन. व्यापाऱ्यानं मखमली ट्रे पुढे सरकवला. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलंच नाही. खोका पाहिला, वॉरंटी कार्ड पाहिलं, पावतीवरची तारीख कार्डाशी ताडली, आतल्या कड्यावर कोरलेला नंबर कार्डाशी जुळतो का ते मान वाकडी करून वाचलं. पत्रिका जुळली. मग भिंग डोळ्याला लावून सहाच्या खुणेपाशी काचेत लेझरनं कोरलेला तो इवलासा मुकुट शोधायला घेतला. तो उजेड तिरका पडला तरच दिसतो. घड्याळेच्छुक खिडकीशी गेले, मग दाराशी, मग दुकानाबाहेर फुटपाथवर. मागोमाग व्यापाऱ्याचा पोऱ्या. मुकुट दिसला तेव्हा त्यांच्या तोंडून "आहे!" असं जोरात निघालं आणि शेजारच्या पानवाल्यानं वळून पाहिलं.

मग पट्टा जिथे अडकतो ते घड्याळाचे कान तपासले. वारंवार पॉलिश केलं की तिथला धातू झिजून धारेचा कोपरा गोल होतो. हे कोपरे धारदार होते. पाणी आत जात नाही ना, ह्याच्या दाबाखालच्या चाचणीचा कागदही होता. घड्याळ तीनशे मीटर खोल पाण्यात चालतं. घड्याळेच्छुकांना पोहता येत नाही आणि बेसिनवर हात धुतानाही ते घड्याळ काढून ठेवतात, पण कागद त्यांनी दोनदा वाचला. सगळं चोख निघालं, तसा त्यांचा चेहरा पडत गेला.

शेवटी त्यांनी विचारलं, "एवढं चांगलं आहे, तर आधीच्या मालकानं विकलं का?"

"साहेब, त्यांना डेटोना मिळालं," व्यापारी म्हणाला.

परतीच्या गाडीत, कर्जतला वडा खाताना, त्यांनी निर्णय घेतला की थोडं थांबावं.

घरचं मत विभागलेलं आहे. आईला एकच शंका: "कुणा मेलेल्या माणसाचं असलं तर?" अल्ट्रासोनिक यंत्रात घड्याळ कसं स्वच्छ करतात, हे त्यांनी तिला समजावलं. ती म्हणाली, "तरी एक दिवस देवापाशी ठेव." वापरलेल्याच्या बाजूनं त्यांचा हुकमी एक्का म्हणजे हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनचं डेटोना. 2017 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ते एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरच्या वर गेलं. घड्याळाच्या पाठीवर न्यूमनच्या बायकोनं कोरून घेतलं होतं, गाडी जपून चालव म्हणून. "आणि ते सेकंडहँडच होतं ना?" असं ते विजयी मुद्रेनं विचारतात, स्वतःच्या सोयीचं असलं की हा शब्द चालतो. "मी कोरून दिलं असतं, येताना कोथिंबीर आण," बायको म्हणाली.

पाटेक फिलिपची जाहिरात वर्षानुवर्षं सांगते की हे घड्याळ तुमचं नसतंच, पुढच्या पिढीसाठी तुम्ही ते सांभाळता. हे ऐकून मुलगीच आधी सावध झाली. "बाबा, माझ्यासाठी नको हं. माझं घड्याळ माझी पावलं मोजतं, तुमचं काय मोजणार?"

अलीकडे त्यांना थांबायला सरकारी कारणही मिळालं आहे. स्वित्झर्लंडसह चार देशांशी भारतानं केलेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं शून्यावर यायचं आहे. त्याआधी, त्याच वर्षी एप्रिलमध्ये, दहा लाखांवरच्या घड्याळावर विक्रेत्यानं एक टक्का कर आगाऊ वसूल करायचा नियम आला; तो रिटर्न भरताना वळता होतो, हेही त्यांनी सीएला विचारून ठेवलंय. आता घ्यावं की सात वर्षांनी? तोपर्यंत आपण सत्तरीकडे झुकू, हा हिशेब त्यांनी कागदावर मांडला, आणि तो कागद आता सापडत नाही.

मध्यंतरी कपाट आवरताना वडिलांचं एचएमटी जनता निघालं. सिटिझन ह्या जपानी कंपनीच्या मदतीनं 1961 साली बंगळुरात ज्या कारखान्याची सुरुवात झाली, तिथलं. रोज सकाळी किल्ली द्यावी लागणारं. एचएमटीचा घड्याळांचा धंदा सरकारनं 2016 साली बंद करायचं ठरवलं. घड्याळेच्छुक ते घेऊन लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या घड्याळजीकडे गेले. घड्याळजीनं पाठ उघडली, फुंकर मारली, ऑइलिंग केलं आणि तबकडी उजेडात धरून म्हणाला, "डायल ओरिजिनल आहे, साहेब. कुणी रंगवलेली नाही." ही साधी गोष्ट नव्हे. जुन्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून, तबकड्या नव्यानं रंगवून मुंबईतून एवढा माल बाहेर गेला, की जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऑइलिंगचे तीनशे रुपये झाले. घड्याळेच्छुकांनी घासाघीस केली नाही, भिंगही काढलं नाही.

जनता दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. तेच सध्या त्यांच्या हातात असतं, आणि म्हणून ते सगळीकडे उशिरा पोचतात.

तुमच्या घरी आजोबांचं वेस्ट एंड, फेवर ल्यूबा किंवा एचएमटीचं कांचन पडून असेल, तर ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. विकत घेणार नाहीत, पण दोन तास बसतील. चहा दोनदा ठेवावा लागेल.