उलटे आटे

जीप घेऊन सात वर्षं झाली, पण अजून तिने मला कुठे नेलेलं नाही. सिडकोतल्या घरासमोर ती विटांवर उभी आहे. पाहुणे आले की मी त्यांना तिची चाकं दाखवतो. ती हॉलमध्ये, सोफ्यामागे असतात.

गाडी 1968 ची सीजे-3बी. महिंद्रांनी विलीसच्या जीपा मुंबईत जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातली. इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. घरासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे ती नाक वर करून बघते. तिच्या इंजिनाला हात घालायची माझी छाती नव्हती. म्हटलं, चाकांपासून सुरुवात करू. चार डिस्क, पाचवी स्टेपनी. घासायच्या, रंगवायच्या. दोन रविवार पुरे.

पहिला रविवार डाव्या चाकाच्या पहिल्या नटावर गेला. पाना लावला, पान्यात पाइप घातला, मग पाइपवर स्वतः चढून उड्या मारल्या. शेजारचे जोशीकाका गॅलरीत खुर्ची आणून बसले. तिसऱ्या रविवारी रोशन गेटकडच्या एका चाचांना बोलावलं. त्यांनी नटाकडे पाहिलं, मग माझ्या वजनाकडे.

"साब, उल्टे आटे हैं. कित्ता बी कूदो, कसतेच जाता."

विलीसच्या जुन्या जीपांना डाव्या बाजूचे आटे उलटे असत. गाडी पुढे धावताना चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये, उलट आवळावा, ही त्यामागची युक्ती. नट कोणत्या बाजूचा, हे कळावं म्हणून त्यावर बारीकशी खाचही होती. गंजाखाली. अमेरिकेतल्या कुठल्याशा इंजिनिअरच्या दूरदृष्टीवर मी तीन रविवार उड्या मारत होतो. चाचांनी पाना दुसरीकडे फिरवला आणि दहा मिनिटांत दहा नट काढले. पैसे विचारले तर म्हणाले, "नक्को साब, बहोत दिनों बाद इत्ता हसा."

टायर मात्र हसून निघणारे नव्हते. सहाशे-सोळाचा टायर वर्षानुवर्षं बसून राहिला, की रिमला नात्याने चिकटतो. दोन टॉम्या, एक घण आणि पंक्चरवाल्याचा भाचा असा संसार लागला. आतल्या एका ट्यूबला नऊ ठिगळं निघाली.

मग खरी मजा सुरू झाली. वेरूळ इथून तीस किलोमीटरवर, पण मला उत्खननाची संधी मिळाली ती गच्चीवर. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. वर चंदेरी. त्याखाली पिवळा, म्हणजे या चाकांनी काळी-पिवळी होऊन पंधरा माणसं आणि दोन शेळ्या वाहिल्या असणार. त्याखाली पांढरा, म्हणजे एखादा साहेब. सगळ्यात तळाशी लष्करी हिरवा! मी ओरडलोच. ही वर आली असती, पण तिला सवय झाली होती. पाचव्या डिस्कखाली मात्र नुसता निळा निघाला. स्टेपनी आमच्या घरची नव्हेच.

मूळ हिरवाच द्यायचा, असं मी जाहीर केलं. तेव्हा मुलाने मोबाइलवर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 उघडले. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. नुसत्या चाकांनाही हा नियम लागतो का, यावर जेवताना वाद झाला. "लागू दे की," ही म्हणाली, "सरकारने तरी तुम्हाला आवरलं." शेवटी आईने सुचवलेला ताकाचा रंग ठरला.

हाताने घासून कोपरे निघेनात, म्हणून डिस्क वाळूजला सँडब्लास्टिंगला नेल्या. परत आल्या त्या नुकत्या न्हाऊन आलेल्या पोरांसारख्या, करड्या आणि लख्ख. ऑगस्ट होता, रात्र झाली होती. म्हटलं, प्रायमर उद्या मारू. उघडं लोखंड दमट हवेत एक रात्रही धीर धरत नाही, हे मला सकाळी कळलं. पाचही डिस्क केशरी! पुन्हा वाळूज. या वेळी प्रायमर दुपारीच मारला, वाऱ्याकडे न पाहता. जोशीकाकांचे दोन सदरे तेव्हापासून रेड ऑक्साइडचे आहेत. ते तेच घालून फिरायला जातात, मुद्दाम.

ताकाचे तीन हात झाले. खंडेनवमीला आईने डिस्कांना हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. विटांवरच्या जीपकडे पाहून म्हणाली, "तिला पुढच्या वर्षी. आधी पाय तर लागू देत."

दुसऱ्याच दिवशी पाय लावायला बसलो. वीसही नट मी श्रीखंडाच्या एकाच डब्यात रॉकेलमध्ये भिजवले होते आणि डिस्कांसोबतच, हौसेने, ताकाच्या रंगात रंगवले होते. दहा सुलटे, दहा उलटे. खुणेच्या खाचा तीन हातांखाली कायमच्या झाकल्या गेल्या होत्या. मी डबा घेऊन जीपशेजारी फतकल मारली. शेजारी आई बसली. एकेक नट ती उजवीकडच्या बोल्टवर फिरवून बघत होती आणि दोन ढीग करत होती.

"हा घरचा. हाही घरचा." तिसरा नट अडला. तिने तो डाव्या ढिगात टाकला.

"हा जावई."