टोचन लावण्यापूर्वी

बंद पडलेल्या गाडीला धक्का मारणे हे आपल्याकडचे सर्वांत जुने सार्वजनिक कार्य असावे. त्याला वर्गणी लागत नाही, अध्यक्ष लागत नाही. जीप असो, टेम्पो असो, चार माणसे आपोआप मागे लागतात. पाचवा नुसता बाजूने चालत ‘हां, हां, अजून थोडं’ म्हणतो आणि गाडी सुरू झाली की हात झटकत समाधानाने बघतो तोच. या परंपरेला अजिबात दाद न देणारे वाहन म्हणजे एअर ब्रेकची बस. तिच्या टाकीतली हवा गेलेली असेल तर चार काय, चाळीस जण मागे लागले तरी ती तसूभर हलत नाही.

कारण तिच्या मागच्या चाकांशी आहे. तिथे दोन्ही बाजूंना गोल लोखंडी डबे असतात. फिटर मंडळी त्यांना बूस्टर म्हणतात. त्या डब्यात एक जाडजूड स्प्रिंग कोंबून बसवलेली असते. सुटून पसरायचे आणि ब्रेक आवळायचा, एवढेच तिला ठाऊक. तिला मागे दाबून धरते ती हवा, आणि हवा भरतो तो इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर. दाब पाच किलोच्या आसपास गेल्याशिवाय स्प्रिंग पुरती मागे सरत नाही. पहाटे स्टँडवर गाडी सुरू करून ड्रायव्हर नुसताच का बसलाय, हे कोडे पडलेले प्रवासी ‘चला की मामा, काय मुहूर्त बघताय?’ म्हणून ओरडतात. मामा मुहूर्त बघत नसतात, काटा बघत असतात. काटा वर आला, बझर थांबला की ते बटण दाबतात, खालून फुस्स असा आवाज येतो आणि मग कुठे त्या धुडाला निघण्याची परवानगी मिळते. ब्रेक लावायला जोर लागतो असे आपण जन्मभर समजत आलो. इथे सगळा जोर लागतो सोडायला. आवळून धरणे फुकटात होते.

ही शंकेखोर बुद्धी मुळात रेल्वेची. जॉर्ज वेस्टिंगहाउस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1869 मध्ये हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्याची मांडणी साधी होती: चालकाने नळीतून हवा सोडायची, डब्यांचे ब्रेक लागायचे. पण गाडी मधूनच तुटली, नळी फाटली, तर मागच्या डब्यांना ब्रेकच उरत नसे. 1872 मध्ये त्याने हिशेब फिरवला. नळीत दाब कायम ठेवायचा. तो कोणत्याही कारणाने पडला की ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. आज आपण आगगाडीची साखळी ओढतो तेव्हा ब्रेकच्या नळीतली हवा बाहेर सोडत असतो, एवढेच. चालकाला निरोप पोचायच्या आधी गाडीला कळते की काहीतरी बिघडले आहे. बसची स्प्रिंग त्याच विचाराची. काही समजेनासे झाले, हवा गेली, नळी फुटली, तर ती पहिल्यांदा चाक धरून ठेवते. खुलासा नंतर.

नगरकरांना बसचे कौतुक वेगळे सांगायला नको. (पाटीवर आता अहिल्यानगर आहे; कंडक्टर मास्तर अजून ‘नगर, नगर’ असेच ओरडतात.) 1 जून 1948 रोजी सरकारी एसटीची पहिली गाडी याच गावातून पुण्याला निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. तीस आसनांची बेडफर्ड, लाकडी बॉडी, वर कापडी छत आणि तिकीट अडीच रुपये. त्या काळी अशी स्प्रिंग नव्हती. गाडी थांबवून ठेवायची तर दांडा ओढायचा आणि मनाच्या शांतीसाठी चाकाखाली दगड ठेवायचा. दगड ही चीज त्यानंतरही निवृत्त झालेली नाही, हे मला पुढे पाथर्डीच्या रस्त्यावर कळले.

वऱ्हाड निघाले होते. बस खाजगी होती आणि वयाने नवरदेवाहून मोठी असावी. करंजी घाटाच्या जवळ, रस्ता जिथे तिरपा होतो तिथे, तिचे इंजिन खोकले आणि गप्प झाले. ड्रायव्हरमामांनी खाली उतरून डिझेलच्या पाइपाकडे बघितले आणि डोक्याला हात लावला. तासाभरात टाकीतली हवाही कुठूनशी निघून गेली. तोवर वऱ्हाडातल्या प्रत्येकाचे मत देऊन झाले होते. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात घातला गेला तिथे कोणत्याही प्रसंगी सभा भरायला वेळ लागत नाही. ठराव झाला की गाडी टोचन करून गॅरेजला न्यावी. जवळच्या वस्तीवरून ट्रॅक्टर आला. दोर बांधला गेला. ट्रॅक्टरने जोर लावला तशी त्याची पुढची चाके जमीन सोडू लागली. बस जागच्या जागी.

“गिअरमधी असंल!”

“न्यूट्रल हाय हो. मी काय आज शिकलो का गाडी?”

“हँडब्रेक काढला का पण?”

“काढलाय! बटण दाबलंय कवाच!”

मामा खरे बोलत होते. बटण दाबलेले होते. पण बटण म्हणजे हवेला वाट करून देणारी नुसती तोटी, आणि टाकीच कोरडी म्हटल्यावर तोटी कितीही सोडा.

दुसऱ्यांदा दोर ताणला गेला, तुटला, आणि नवरीच्या मामांनी घड्याळ बघितले. तेव्हा रस्त्याकडेला पान लावत बसलेले एक आजोबा बोलले. ते मढीच्या यात्रेत वर्षानुवर्षे जाणारे. कानिफनाथांच्या त्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. “गाढवाला म्होरून वढलं की ते मागं रेटतंय,” ते म्हणाले. “खाली काय अडकलंय ते बघा की रं.” वडीलधारे असल्याने त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

फिटर मोटारसायकलवर आला. मागे पाने-पान्हे भरलेली गोणी. आल्या आल्या त्याने दोन गोष्टी सांगितल्या: “दोर सोडा. आन् दगड आणा, मोठे.” वऱ्हाडाचा उत्साह एकदम मावळला. आम्ही इतका वेळ गाडी हलावी म्हणून झटत होतो आणि हा शहाणा ती आणखी पक्की करायला निघाला होता! पण त्याचे बरोबर होते. स्प्रिंग हाताने मागे ओढून ठेवली आणि टाकीत हवाही नाही, म्हणजे त्या बसला पायाचा ब्रेक नाही, हाताचा नाही, कसलाच नाही. तिरप्या रस्त्यावर एवढे मोठे बिनब्रेकचे धूड, आणि गाडीखाली तो स्वतः. चारही बाजूंनी दगड लागले, ते त्याने लाथ मारून तपासले आणि गोणी अंथरून तो आत सरकला.

मी वाकून बघत होतो. बूस्टरच्या पाठीला रबराचे बूच असते, ते काढायचे. डब्याच्या कडेलाच एका खोबणीत लांब बोल्ट ठेवलेला असतो. तो त्या भोकातून आत घालायचा, पाव फेरा फिरवून अडकवायचा आणि वरून नट आवळत जायचे. नट आवळेल तशी आतली स्प्रिंग मागे ओढली जाते. असे दोन्ही चाकांना, वेगवेगळे. एका बाजूचा बोल्ट जागेवर होता. दुसऱ्या बाजूची खोबण रिकामी.

“कुठं गेला असेल?” मी विचारले.

“ह्यो बोल्ट कुठल्याच गाडीत गावत नाय,” खालून आवाज आला आणि गोणीकडे हात आला. “म्हून मी संगं ठिवतो.”

त्या डब्याला कमरेशी एक कडे असते. ते खोलून बघू का, असे एका उत्साही पाहुण्याने विचारले तेव्हा फिटर पहिल्यांदाच रागावला. आतली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दबलेली असते. कडे सुटले तर माणूस जागेवर जाऊ शकतो. पाहुणे चार पावले मागे सरले आणि तिथून मार्गदर्शन करू लागले.

त्या दिवशी मला आमच्याच घोळक्याची गंमत वाटत राहिली. पुढून ओढायला डझनभर तयार होते, कारण पुढून ओढताना लोक बघतात. खाली शिरून, अंगावर ग्रीस घेऊन, गंजलेला नट पाव-पाव फेऱ्याने फिरवायला एकच. घरातली जुनी भांडणे, बांधावरचे वाद, रुसलेले मेहुणे यांच्याबाबतीतही आम्ही बहुधा दोरच आणतो, आणि तुटला की जाड दोर आणतो. बसचा दोष काहीच नव्हता. हवा गेल्यावर तिने जे करायला हवे तेच ती इमानाने करत होती. उतारावर सुटली असती तर वऱ्हाडाची काय गत झाली असती याचा विचार एकट्या तिनेच केला होता.

फिटरने मग प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट खोलला, म्हणजे ओढताना गिअरबॉक्स उगाच फिरून जळणार नाही. ट्रॅक्टरला त्याने नकार दिला आणि ट्रक बोलावला. दोरालाही नकार. दोर ओढतो पण थांबवत नाही. पुढचा थांबला की मागची बस त्याच्यावर जाऊन आदळणार. लोखंडी दांडाच हवा. वऱ्हाड तोवर मिळेल त्या पिकअपमध्ये बसून निघून गेले होते, आणि लग्न लागले, अक्षता कमी पडल्या नाहीत. मागे राहिलेल्या ट्रॅक्टरवाल्याने पैसे मागितले. गाडी हलली कुठे, असे मामांनी म्हणताच तो म्हणाला, “न हलणारी गाडी वढायला डिझेल जास्ती लागतं.” यावर कोणालाच उत्तर सुचले नाही, त्याला पैसे मिळाले.

शेवटचे काम लोक विसरतात म्हणे. गाडी दुरुस्त होते, हवा भरते, ड्रायव्हर खुशीत निघतो, आणि ते दोन बोल्ट तसेच राहतात. मग कुठल्याशा चढावर बटण ओढून तो चहाला उतरतो आणि गाडी त्याच्याशिवाय निघते. म्हणून फिटरने खिशातून खडू काढला आणि पुढच्या काचेवर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘बोल्ट लावलेत. हँडब्रेक नाही.’ काचेच्या वरच्या अंगाला मालकाने आधीच रंगवून घेतले होते, ‘चिंता नको’.