आधी मीटर, मग मुहूर्त

लोंढ्याहून धारवाडकडे जाणारी गाडी अळणावर जंक्शनात थांबते. दांडेलीचा फाटा इथूनच फुटतो. अशा जंक्शनाच्या गावात फोटो स्टुडिओ असतोच, आणि स्टुडिओत एक तरी अण्णा असे असतात की ज्यांनी फिल्मचा कॅमेरा सोडून डिजिटल एसएलआर घेतला, त्यानंतर दुसराही घेतला, पण फ्लॅश बदलला नाही. फ्लॅशला काय धाड भरलीय, हा त्यांचा प्रश्न. उत्तर कुणाकडेच नसतं, कारण फ्लॅश खरोखरच पेटतो.

अण्णांना ओळखायचं खिशावरून. तिथून मल्टीमीटरच्या लाल-काळ्या वायरी लोंबत असतात. कुणी वडिलांच्या कपाटातला फ्लॅश घेऊन आलं, की चहा सांगायच्या आधी अण्णा त्यात पेन्सिल सेल घालतात, बारीक शिट्टी वाजत नारिंगी दिवा लागू देतात आणि मीटरची एक पिन बुडाच्या मधल्या पॉइंटला, दुसरी कडेच्या पट्टीला टेकवतात. पत्रिका जुळली तरच सोयरीक.

यात वेडेपणा काही नाही. फिल्मच्या कॅमेऱ्यात फ्लॅश पेटवायचं काम धातूच्या दोन पट्ट्या करायच्या. त्या एकमेकींना टेकल्या की उजेड. मधून दोनशे-अडीचशे व्होल्ट गेले तरी त्यांना सोयरसुतक नसायचं. डिजिटलमध्ये त्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच आला आणि तो नाजूक प्रकृतीचा निघाला. निकॉन आपल्या पुस्तिकेत २५० व्होल्टची हद्द घालून देते. कॅननच्या सुरुवातीच्या काही डिजिटल मॉडेलांना मात्र ६ व्होल्टच्या वर नको, असं कंपनीच सांगायची. आता सत्तरच्या दशकातला, जगभर खपलेला व्हिव्हिटार २८३ घ्या. जपानी बनावटीच्या जुन्या नगांत दोनशेच्या वर व्होल्ट निघतात, नंतरच्या नगांत दहाच्या आत. चेहरा तोच, नाव तेच! म्हणून अण्णांचा नावावर विश्वास नाही, काट्यावर आहे.

फ्लॅश उघडायला मात्र ते कुणाला देत नाहीत. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट बसून असतात. असिस्टंट पोराला हे सांगून पटलं नव्हतं. आता पटलंय.

गणित हा अण्णांचा खरा माज. २८३ चा गाइड नंबर फुटांत १२०, आयएसओ १०० ला. नवरदेव पंधरा फुटांवर उभा असेल तर एकशेवीस भागिले पंधरा, अ‍ॅपर्चर आठ. कॅमेरा मेनूत शोधाशोध करेपर्यंत अण्णांचं उत्तर तयार असतं. शिवाय या फ्लॅशच्या तोंडावरच एक सेन्सर आहे. समोरून पुरेसा उजेड परतला की तो स्वतःच फ्लॅश तोडतो, कॅमेऱ्याला विचारत बसत नाही. त्यामुळे कॅमेरा कुठल्याही पिढीचा असो, चालतो. उलट फिल्मवरून परतणारा उजेड मोजणारे जुने महागडे टीटीएल फ्लॅश डिजिटलवर त्या कामाला निकामी ठरले. हे सांगताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते मुलाच्या लग्नातही दिसलं नव्हतं.

अडचणी येतात, पण त्या इतरांना. दिवा लागला तरी फ्लॅश पुरता भरलेला नसतो, हे अण्णांना ठाऊक आहे. म्हणून वरमाला हवेत असताना "थांबा की जरा, चार्ज होऊंदे!" अशी आरोळी येते आणि नवरीचे हात अवघडतात. भटजी अण्णांकडे असं बघतात, जणू मुहूर्त पंचांगात नसून पेन्सिल सेलमध्ये आहे. मांडवाच्या पिवळ्या कापडावरून उजेड उसळवला की सगळं वऱ्हाड हळदीचं दिसतं. हळदीच्या दिवशी कुणी तक्रार करत नाही, रिसेप्शनला करतात. डोक्यावर जुना फ्लॅश बसलाय हे कॅमेऱ्याला कळत नाही, तेव्हा शटर दोनशे-अडीचशेच्या खाली ठेवायचं भानही माणसानंच ठेवायचं. पोरानं घाईत चारशेला ठेवलं आणि कॅमेरा उभा धरला. फोटोत नवरा लख्ख, नवरी अर्धी काळोखात. मुलीच्या मामांनी त्याचा वेगळाच अर्थ काढला.

या अण्णांना कुणी चिकट म्हणतं. ते तितकंसं खरं नाही. ज्या किमतीत नवा चिनी फ्लॅश येतो, त्याहून जास्त पैसे त्यांनी वायरी, अ‍ॅडॅप्टर आणि स्लेव्ह सेलवर घातलेत.

खरा घाव घातला तो २०१९ च्या कॅनन २०० डी मार्क टूनं. पुतण्यानं हौसेनं आणला. अण्णांनी फ्लॅश बसवायला वरची पट्टी पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

"मधला पॉइंट कुठाय रे?"

"नाही, काका. कंपनीनंच काढलाय."

जगातले बहुतेक जुने फ्लॅश ज्या एका टिकलीवर चालत, तीच गायब. अण्णा दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत. मग त्यांनी स्लेव्ह काढला: कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश चमकला की तो बघून मोठा पेटणार. पण छोटा आधी चाचणीचा उजेड टाकतो, त्यालाच मोठा फसतो, आणि खऱ्या वेळी रिकामा. तोड निघाली ती कॅमेऱ्याच्या मागच्या चांदणीच्या बटणात. ते दाबलं की चाचणी आधीच उरकते. मग मोठा फ्लॅश भरेपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतर फोटो.

आता पहिल्या झगमगाटाला वऱ्हाड "झालं, झालं" म्हणत स्टेजवरून उतरायला लागतं आणि अण्णा एका हातानं कॅमेरा सावरत, दुसऱ्यानं नवऱ्याच्या आत्याला परत वर बोलावत असतात.